खिशातल्या बुकीला कुंपण

१ मे १९६१ रोजी ब्रिटनमध्ये पैज लावण्याची दुकाने कायदेशीरपणे उघडली, ती मुद्दाम रटाळ ठेवूनच. आत टीव्ही नाही, ऐसपैस बसायची सोय नाही, चहा-कॉफी नाही आणि रस्त्यावरून आतले काही दिसणारही नाही. सरकारचा हिशेब सरळ होता. तोवर बुकींची माणसे गल्लीबोळांतून चोरून पैजा गोळा करत, पोलीस त्यांना पकडत आणि दुसऱ्या दिवशी तोच खेळ पुन्हा सुरू होई. तो धंदा उजेडात आणायचा होता. ज्याला पैज लावायचीच आहे त्याची सोय व्हावी, पण ज्याच्या डोक्यात तो विचार नाही त्याच्या डोक्यात तो भरवला जाऊ नये, एवढे पथ्य पाळायचे होते. माणसाने यावे, पैसे मोजावेत, पावती घ्यावी आणि चालू पडावे. त्या दुकानांत टीव्ही संच आणि गरम पेये यायला १९८६ साल उजाडले.

त्या दुकानाने गिऱ्हाइकाला बरेच सांभाळले होते. संध्याकाळी शटर खाली यायचे. खिशातली रोकड संपली की खेळ संपायचा. काउंटरपलीकडचा माणूस रोजच्या गिऱ्हाइकाला ओळखायचा आणि शाळकरी पोराला दारातूनच परत पाठवायचा. हरलेला माणूस घराकडे चालू लागला की त्या दहा मिनिटांत त्याचे डोके थोडे थंड व्हायचे.

मोबाइलने हे सगळे काढून टाकले. रात्री दोन वाजता, अंथरुणात पडल्या पडल्या, जगाच्या दुसऱ्या टोकाला चाललेल्या टेनिस सामन्यातल्या पुढच्या गुणावर पैसे लावता येऊ लागले. सामना सुरू असताना दर क्षणाला भाव बदलतो, हरलेल्या पैजेमागोमाग दुसरी लावायला सेकंदही लागत नाही आणि पैसे कार्डातून जात असल्यामुळे हातातून काही गेल्याचे जाणवतही नाही. ब्रिटनने गेल्या दहा-बारा वर्षांत मोबाइल सट्ट्यासाठी ग्राहकसंरक्षणाचे जे नियम केले ते सलग वाचले, तर जुन्या दुकानाच्या पडलेल्या भिंती एकेक करून पुन्हा उभ्या केल्या जात असल्याचे दिसते. यातल्या बहुतेक नियमांमागे कोणाचे तरी झालेले नुकसान आहे.

कंपनी जिब्राल्टरला, गिऱ्हाईक लंडनमध्ये

पहिला प्रश्न होता तो हद्दीचा. १९९९ मध्ये व्हिक्टर चँडलर या नामांकित बुकीने आपला धंदा जिब्राल्टरला हलवला. ब्रिटनमधल्या दुकानात गिऱ्हाइकाला पैजेवर नऊ टक्के कापून द्यावे लागत, तिथून फोनवर लावली तर ते वाचत. बाकीचे बुकीही सामान बांधू लागले, तेव्हा सरकारने २००१ मध्ये गिऱ्हाइकावर पडणारा हा कर काढून टाकला आणि बुकींच्या नफ्यावर कर बसवला. तरी पुढे इंटरनेट आले आणि बड्या कंपन्यांचे सर्व्हर पुन्हा स्वस्त कराच्या ठिकाणी जाऊन बसले.

२००५ च्या जुगार कायद्याने ‘गॅम्बलिंग कमिशन’ हे नियामक मंडळ नेमले आणि त्याच्यापुढे तीन उद्दिष्टे ठेवली : जुगार गुन्हेगारीपासून दूर ठेवणे, तो उघड आणि चोख व्यवहाराचा असणे, आणि मुले व दुबळ्या अवस्थेतली माणसे यांना इजा होऊ न देणे. पण परदेशातून चालणाऱ्या कंपन्यांवर त्याचा वचक बसला तो २०१४ च्या दुरुस्तीनंतर. कंपनी कुठेही नोंदलेली असो, ब्रिटनमधल्या माणसाची पैज घ्यायची असेल तर ब्रिटनचा परवाना लागेल, असे त्या दुरुस्तीने ठरवले. मोबाइलबाबतचे पुढचे सारे नियम या एका वाक्यावर उभे आहेत. परवाना काढून घेण्याची ताकद हाती आल्यावरच अटी घालता येतात.

२००५ च्या कायद्यातले आणखी एक कलम गिऱ्हाइकाच्या दृष्टीने मोलाचे आहे. १८४५ पासून इंग्लंडात पैजेचे देणे कोर्टात वसूल करता येत नसे. बुकीने पैसे बुडवले तर त्याची अब्रू जाई, एवढेच. २००७ मध्ये नवा कायदा लागू झाला आणि पैज हा इतर करारांसारखाच करार झाला.

या कलमाची कसोटी एका मोबाइलवरच लागली. जानेवारी २०१८ मध्ये बेटफ्रेड या कंपनीच्या अ‍ॅपवर ब्लॅकजॅक खेळणाऱ्या एका गिऱ्हाइकाच्या खात्यात १७ लाख पौंडांहून अधिक रक्कम जमा झाली. काही दिवसांनी कंपनीने कळवले की सॉफ्टवेअरमध्ये बिघाड होता, आणि बिघाड असल्यास पैसे न देण्याचा हक्क अटींमध्ये राखून ठेवलेला आहे. गिऱ्हाईक कोर्टात गेले. एप्रिल २०२१ मध्ये उच्च न्यायालयाने अटींची ती पाने तपासली आणि त्याच्या बाजूने निकाल दिला. कंपनी दाखवत होती ती कलमे या प्रकाराला नीट लागू होत नव्हती, आणि एवढी जबर अट गिऱ्हाइकाच्या नजरेला येईल अशी मांडलेलीही नव्हती. न वाचताच ‘मान्य आहे’वर बोट ठेवणाऱ्या लाखो लोकांच्या वतीने तो निकाल वाचला गेला.

दारात कोण उभे आहे

दुकानदाराला पोराचे वय चेहऱ्यावरून कळते, अ‍ॅपला कळत नाही. २०१९ पर्यंत ब्रिटनमध्ये कंपनीला वय पडताळायला ७२ तासांची मुदत होती. म्हणजे एखाद्या सोळा वर्षांच्या मुलाने शनिवारी सकाळी खाते उघडले, तर शनिवार-रविवारचे फुटबॉल सामने संपेपर्यंत तो खेळू शकत होता. ७ मे २०१९ पासून ही सवलत गेली. वय पडताळल्याशिवाय पैसे भरता येत नाहीत, आणि नाव, पत्ता व जन्मतारीख जुळल्याशिवाय पैज लावता येत नाही.

याच नियमात एक छोटी तरतूद आहे, पण फसवल्या गेलेल्यांना तिचे मोल ठाऊक आहे. खाते उघडताना, पैसे घेताना, हरताना कंपनी काही विचारत नसे. गिऱ्हाईक जिंकले आणि पैसे काढायला गेले की पासपोर्ट, विजेचे बिल, बँकेचे उतारे अशी यादी समोर यायची. कागद जमवता जमवता आठवडे जायचे आणि कंटाळून तो माणूस तेच पैसे पुन्हा लावून बसायचा. जे कागद आधी मागता आले असते, ते पैसे काढतेवेळी अट म्हणून मागायचे नाहीत, असे आता बंधन आहे.

याच्या जोडीला दुसरी एक युक्ती होती. पैसे काढण्याची विनंती केली की ती एक-दोन दिवस ‘प्रलंबित’ राहायची आणि शेजारी विनंती रद्द करायचे ठसठशीत बटण असायचे. मध्यरात्री मोह झाला की एका स्पर्शात पैसे परत खेळात. कोविडच्या टाळेबंदीत, मे २०२० मध्ये, कमिशनने कंपन्यांना हे बटण बंद करायला सांगितले आणि ३१ ऑक्टोबर २०२१ पासून ते कायमचे बंद झाले.

पैसा कुणाचा आणि किती

१४ एप्रिल २०२० पासून ब्रिटनमध्ये क्रेडिट कार्डावर पैज लावता येत नाही. ई-वॉलेटमध्ये क्रेडिट कार्डातून पैसे भरून तेच पुढे वळवण्याची पळवाटही त्याच वेळी बंद झाली. बंदीआधीच्या पाहणीत क्रेडिट कार्डाने ऑनलाइन जुगार खेळणाऱ्यांपैकी २२ टक्के लोक जुगाराच्या विळख्यात सापडलेले आढळले होते. खिशात नसलेला पैसा व्याजाने उचलून लावायचा आणि तो फेडण्यासाठी पुन्हा लावायचा, हे चक्र कुठे तोडायचे ते या आकड्याने दाखवून दिले.

खिशात असलेल्या पैशाचे काय, हा प्रश्न जास्त चिघळला. २०२३ च्या एप्रिलमध्ये सरकारने डिजिटल काळातल्या जुगाराविषयी श्वेतपत्रिका काढली आणि ठरावीक रकमेपुढे खेळणाऱ्याची आर्थिक स्थिती तपासण्याची कल्पना मांडली. घोड्यांच्या शर्यतीच्या जगात यावर मोठा गदारोळ झाला. माझ्या पैशाचे मी काय करावे हे बुकी मला विचारणार का, असा सूर होता. जॉकी क्लबच्या प्रमुखांनी सुरू केलेल्या अर्जावर लाखाहून अधिक सह्या झाल्या आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये संसदेत त्यावर चर्चा घ्यावी लागली. बरेच गिऱ्हाईक कागद दाखवण्यापेक्षा परवाना नसलेल्या साइटवर जाईल, ही भीतीही त्यामागे होती आणि ती अगदीच खोटी म्हणता येत नाही.

त्यातून जो नियम निघाला तो सौम्य आहे. ३० दिवसांत निव्वळ ५०० पौंड भरले गेले की कंपनीने सार्वजनिक नोंदी पाहायच्या : या व्यक्तीवर दिवाळखोरीची कारवाई आहे का, थकीत कर्जाचा कोर्टाचा हुकूम आहे का. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस हे सुरू झाले आणि २८ फेब्रुवारी २०२५ पासून मर्यादा १५० पौंडांवर आली. पगाराची पावती कोणी मागत नाही. बहुतेक खेळणाऱ्यांना अशी तपासणी झाल्याचे कळतही नाही.

मर्यादा स्वतःची स्वतः घालून घेण्याची सोय पूर्वीपासूनच होती, पण ती अ‍ॅपच्या सातव्या पडद्याआड असे. ३१ ऑक्टोबर २०२५ पासून पहिले पैसे भरण्याआधीच कंपनीने विचारायला हवे, की तुम्हाला स्वतःवर मर्यादा घालायची आहे का. नंतर दर सहा महिन्यांनी तिची आठवण करून द्यायची, हेही बंधन आहे.

बाहेर पडायचे दार

ज्याला आपला तोल गेल्याचे कळले आहे, त्याला स्वतःवर बंदी घालून घेता यावी ही कल्पना जुनी. दुकानाच्या जमान्यात आपला फोटो देऊन ‘मला आत घेऊ नका’ असे सांगता येई. ऑनलाइन जगात एका कंपनीत खाते बंद केले तरी शेजारच्या पन्नास उघड्याच असत. २०१८ मध्ये ‘गॅमस्टॉप’ ही सामायिक यादी सुरू झाली. त्यात नाव घातले की सहा महिने, एक वर्ष किंवा पाच वर्षे ब्रिटनमधल्या एकाही परवानाधारक साइटवर खेळता येत नाही, आणि मुदत संपण्याआधी मन बदलले तरी नाव निघत नाही. ३१ मार्च २०२० पासून प्रत्येक ऑनलाइन परवानाधारकाला त्यात सामील होणे सक्तीचे झाले. आजवर पाच लाखांहून अधिक लोकांनी त्यात नाव नोंदवले आहे.

बँकाही यात उतरल्या. २०१८ मध्ये मोंझो या मोबाइल बँकेने आपल्या अ‍ॅपमध्ये जुगाराचे व्यवहार रोखणारे बटण दिले आणि लवकरच बड्या बँकांनी तेच केले. मोंझोचे बटण बंद करायचे तर बँकेच्या माणसाशी बोलावे लागते आणि त्यानंतरही ४८ तास थांबावे लागते. दुकानातून घरी चालत जाताना मिळणारा तो वेळ अशा रीतीने बँकेने पुन्हा मधे घातला.

नियम कागदावर असला तरी कंपन्यांची यंत्रणा तो पाळतेच असे नाही, हे दंडांच्या यादीवरून दिसते. २ नोव्हेंबर २०२१ रोजी स्काय व्हेगस या ऑनलाइन कॅसिनोने ‘पाच पौंड लावा, शंभर फेऱ्या मोफत मिळवा’ असा ईमेल पाठवला. तो ४१,३९५ अशा लोकांना गेला, ज्यांनी स्वतःवर बंदी घालून घेतली होती. कंपनीला ११.७ लाख पौंडांचा दंड झाला. मार्च २०२३ मध्ये विल्यम हिल समूहाला १.९२ कोटी पौंड भरावे लागले. कमिशनने जे प्रकार उघड केले त्यांत एका गिऱ्हाइकाने नवे खाते उघडून वीस मिनिटांत २३,००० पौंड उडवले होते आणि कोणी हटकले नव्हते. समूहातल्याच मिस्टर ग्रीन या साइटवर बंदी घालून घेतलेले ३३१ लोक दुसऱ्या साइटवर खुशाल खेळत होते.

वीस मिनिटांत २३,००० पौंड जात असताना कोणाच्या लक्षात कसे आले नाही? लक्षात येत होते. फक्त ते वेगळ्या कामाला लावले जात होते. कोण किती वाजता खेळतो, हरल्यावर किती पटीने वाढवतो, कोणत्या सवलतीला भुलतो हे सारे अ‍ॅप टिपत असते. जास्त हरणाऱ्यांना ‘व्हीआयपी’ म्हणून वेगळा व्यवस्थापक, सामन्याची तिकिटे आणि वाढदिवसाला भेट मिळायची. कमिशनच्याच माहितीनुसार एका कंपनीत असे व्हीआयपी फक्त दोन टक्के होते, पण भरणा झालेल्या पैशांपैकी ८३ टक्के त्यांचा होता. ऑक्टोबर २०२० पासून अशा गिऱ्हाइकाला व्हीआयपी करण्याआधी त्याला हा खर्च झेपतो का हे तपासणे आणि कंपनीतल्या एका वरिष्ठाने त्याची जबाबदारी घेणे बंधनकारक आहे.

‘फुकट’ पैजेचा हिशेब

मोबाइल सट्ट्यात बोनसच्या तक्रारीही पुष्कळ. ‘दहा पौंड मोफत’ असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले असे. ते दहा पौंड ५० पट फिरवल्याशिवाय काढता येणार नाहीत, अशी अट बारीक अक्षरांत असायची. म्हणजे ५०० पौंडांच्या पैजा लावायच्या. प्रत्येक पैजेत बुकीचा हिस्सा आधीच भावात मिसळलेला असतो, त्यामुळे ५०० पौंड फिरेपर्यंत बोनस तर जायचाच, पण आपलेही पैसे जायचे. ब्रिटनच्या स्पर्धा आणि बाजार प्राधिकरणाने या अटींची चौकशी केली आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये विल्यम हिल, लॅडब्रोक्स आणि पीटी एंटरटेनमेंट यांच्याकडून लेखी हमी घेतली : गिऱ्हाइकाचे स्वतःचे पैसे बोनसच्या अटीत अडकवायचे नाहीत. जानेवारी २०२६ पासून बोनस जास्तीत जास्त दहा पटच फिरवायला लावता येतो. फुटबॉलवर पैज लावली म्हणून कॅसिनोच्या फेऱ्या भेट देणे, अशा मिश्र सवलतीही गेल्या.

अमेरिकेत हाच धडा झटपट गिरवला गेला. २०१८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने खेळांवरच्या सट्ट्याला राज्यांत परवानगी देण्याचा मार्ग मोकळा केला. ओहायोत १ जानेवारी २०२३ रोजी बेटिंग सुरू झाले आणि पहिल्याच महिन्यात नियामकाने ड्राफ्टकिंग्ज, सीझर्स आणि बेटएमजीएम या तिघांवर प्रत्येकी दीड लाख डॉलरच्या दंडाची कारवाई केली. जाहिरातीत ‘मोफत’ किंवा ‘विनाजोखीम’ म्हटलेल्या पैजेत गिऱ्हाइकाला आधी स्वतःचे पैसे घालावे लागत होते, हा त्यातला एक आक्षेप होता.

जिंकणारा आणि बुडणारा

एका प्रश्नावर मात्र ब्रिटनचे नियम तोकडे आहेत. अभ्यास करून सातत्याने जिंकणाऱ्याचे खाते कंपनी आखडते. शंभर पौंड लावायला गेले तर अ‍ॅप एक पौंड सत्तर पेनीच स्वीकारते. हरणाऱ्याला पायघड्या आणि जिंकणाऱ्याला दार बंद, यावर खेळणाऱ्यांचा राग आहे. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समध्ये २०१४ पासून घोड्यांच्या शर्यतींपुरता यावर उपाय आहे : ठरलेल्या रकमेपर्यंतची पैज बुकीने घ्यायलाच हवी, जिंकणारा आहे म्हणून नाकारता येत नाही.

आणि कंपनीच बुडाली तर? २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘फुटबॉल इंडेक्स’ने खेळाडूंचे ‘शेअर’ विकायला काढले होते. खेळाडू मैदानावर चमकला की ‘लाभांश’ मिळायचा. भाषा शेअर बाजाराची होती, परवाना मात्र जुगाराचा. मार्च २०२१ मध्ये कंपनीने लाभांश एकदम घटवला, भाव कोसळले आणि काही दिवसांत परवाना निलंबित झाला. लोकांचे सुमारे नऊ कोटी पौंड अडकले. बँकेतल्या ठेवीला विम्याचे कवच असते, बुकीच्या खात्यातल्या पैशाला नसते, हे अनेकांना त्या दिवशी कळले. परवान्याच्या अटीनुसार कंपनीला एवढेच सांगावे लागते, की आपण दिवाळखोर झालो तर गिऱ्हाइकांच्या पैशाला किती संरक्षण आहे : काहीच नाही, मध्यम की उच्च. ‘काहीच नाही’ असे लिहूनही धंदा करता येतो. सरकारने नेमलेल्या स्वतंत्र चौकशीने सप्टेंबर २०२१ मध्ये कंपनीबरोबरच कमिशनच्या ढिलाईवरही बोट ठेवले.

तक्रार असेल तर आधी कंपनीकडे जायचे. आठ आठवड्यांत निकाल लागला नाही किंवा पटला नाही, तर कंपनीने नेमलेल्या स्वतंत्र लवादाकडे. १९९८ पासून काम करणारी ‘आयबास’ ही संस्था त्यांतली सर्वांत परिचित. गिऱ्हाइकाला त्याचे शुल्क पडत नाही. श्वेतपत्रिकेत एक लोकपाल नेमण्याचीही कल्पना होती. शिवाय एप्रिल २०२५ पासून कंपन्यांच्या उत्पन्नावर सक्तीचा अधिभार बसला आहे. ऑनलाइन कंपन्यांना १.१ टक्का द्यावा लागतो आणि त्या पैशाचा निम्मा भाग सरकारी आरोग्यसेवेतल्या उपचारांकडे जातो. पूर्वी हे पैसे कंपन्या स्वेच्छेने देत, म्हणजे किती आणि कोणाला ते त्याच ठरवत.

फोन करा, बोट लावू नका

ऑस्ट्रेलियाने एक मजेशीर रस्ता घेतला. तिथे २००१ च्या कायद्याने सामना सुरू असताना ऑनलाइन पैज लावता येत नाही. फोन करून, माणसाशी बोलून लावता येते. बोलायला लागणारा वेळच माणसाला वाचवतो, असा त्यामागचा विचार. २०१५ च्या सुमारास विल्यम हिलच्या तिथल्या शाखेने शक्कल लढवली. अ‍ॅपमधले बटण दाबले की फोनचा मायक्रोफोन सुरू होई आणि कंपनी म्हणे, हा बघा, झाला कॉल. २०१७ च्या दुरुस्तीने ही पळवाट बुजवली.

ऑगस्ट २०२३ मध्ये तिथे ‘बेटस्टॉप’ ही राष्ट्रीय बंदीयादी सुरू झाली. जून २०२४ पासून क्रेडिट कार्ड बंद. प्रत्येक खेळणाऱ्याला दर महिन्याला हिशेबाचा उतारा पाठवावा लागतो : किती लावले, किती जिंकले, निव्वळ किती गेले. जाहिरातीच्या शेवटी ‘जबाबदारीने खेळा’ हे गुळमुळीत वाक्य जाऊन सरकारने ठरवलेल्या सात ओळींपैकी एक आलटून पालटून येते. तुम्ही बहुधा हरणारच आहात, अशा अर्थाची ओळही त्यांत आहे, आणि ती कंपनीला स्वतःच्या पैशाने दाखवावी लागते. २०२३ च्या जूनमध्ये संसदेच्या समितीने याच्या पुढे जाऊन तीन वर्षांत टप्प्याटप्प्याने जाहिरातीच बंद करा अशी शिफारस केली. क्रीडासंघटना आणि वाहिन्यांचे उत्पन्न त्यात गुंतलेले असल्याने सरकार तिथे अडखळले.

ब्रिटनमध्ये प्रीमियर लीगच्या क्लबांनी जर्सीच्या छातीवरून बेटिंगची नावे काढायचे २०२३ मध्ये मान्य केले, तेही २०२५-२६ च्या हंगामाअखेर आणि तेही फक्त छातीवरून. बाहीवर आणि मैदानाकडेच्या फलकांवर ती राहू शकतात.

पुण्यातला चुलतभाऊ

लंडनमध्ये नोकरी करणारा मराठी तरुण आयपीएलच्या सामन्यावर पैज लावायला गेला, तर त्याला आधी वय सिद्ध करावे लागते, मर्यादा घालणार का ते सांगावे लागते, क्रेडिट कार्ड चालत नाही आणि वाद झाला तर कोर्ट उघडे असते. त्याचा पुण्यातला चुलतभाऊ त्याच सामन्यावर लावायला गेला, तर त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर कोणी तरी ‘आयडी’ देतो, यूपीआयने एखाद्या अनोळखी खात्यात पैसे भरायला सांगतो आणि अ‍ॅपमध्ये आकडे दिसू लागतात.

भारताने नियमांऐवजी बंदीचा रस्ता घेतला. २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायचे सारे ऑनलाइन खेळ बंद केले, मग ते कौशल्याचे असोत की नशिबाचे. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ‘ड्रीम ११’चा खेळ कौशल्याचा ठरवला होता, नव्या कायद्याने तो भेदच पुसला. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षे आणि ५० लाखांपर्यंत, आणि पैशाचे व्यवहार पुरवणाऱ्यालाही चालवणाऱ्याइतकीच शिक्षा. मुंबईच्या ड्रीम ११ने पैशांच्या स्पर्धा बंद केल्या आणि भारतीय संघाच्या जर्सीवरून तिचे नाव गेले. सप्टेंबर २०२५ चा आशिया चषक संघ प्रायोजकाविनाच खेळला. कायद्याला न्यायालयांत आव्हानही दिले गेले.

परदेशातून चालणाऱ्या सट्ट्याच्या अ‍ॅपवर मात्र या शिक्षांचा धाक तेवढा चालत नाही. त्यांच्या जाहिराती ‘स्पोर्ट्स न्यूज’च्या नावाखाली यायच्या, म्हणून माहिती आणि प्रसारण मंत्रालयाने २०२२ मध्ये दोनदा सूचना काढल्या. नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘महादेव बुक’सह २२ अ‍ॅप आणि संकेतस्थळे रोखली गेली. एक नाव रोखले की त्याच धाटणीचे दुसरे उगवते.

अशा अ‍ॅपवर जिंकलेले पैसे मिळाले नाहीत तर काय? १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे कलम ३० सांगते की पैजेचा करार निरर्थक आहे. त्यावरून दावा करता येत नाही. इंग्लंडने २००७ मध्ये बदललेली स्थिती इथे अजून तशीच आहे. जुन्या मुंबई इलाख्यासाठी तर १८६५ चा एक कायदा त्याहूनही पुढे गेला. १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पैजेच्या भागीदारीचा करार इतरत्र ग्राह्य मानला, पण मुंबई इलाख्यातला हा कायदा अशा पैजेला पूरक करारांनाही निरर्थक ठरवतो, हा फरक त्या निकालात नोंदला गेला. म्हणजे ज्याच्या मार्फत पैसे लावले त्या मध्यस्थाकडूनही कोर्टातून वसुली होणे अवघड.

नव्या कायद्यात खेळणाऱ्याला शिक्षा नाही. त्याला बळी मानले आहे. त्यामुळे खात्यातून पैसे लांबवले गेले असतील तर त्याला १९३० या क्रमांकाच्या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते, आणि ती जितक्या लवकर होईल तितकी समोरचे खाते गोठवले जाण्याची शक्यता जास्त. तक्रार होते ती फसवणुकीची आणि भरलेल्या रकमेची. अ‍ॅपच्या पडद्यावर ‘जिंकलेली’ म्हणून दिसणारी रक्कम त्या तक्रारीत धरली जात नाही.